सोलर पंप फिरतोय पण पाणी येत नाही, असं का होतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की पाच एचपीचा सोलर सबमर्सिबल बसवलाय, सकाळी लख्ख ऊन असतं, कंट्रोलरवर मोटर चालू दिसते पण डिलिव्हरीला थेंब नाही, दहा-साडेदहा वाजले की एकदम पाणी सुरू होतं, ढग आला की परत बंद, आणि शेजारी तेवढ्याच एचपीचा पंप आठलाच पाणी ओततो. मग पॅनल खराब की कंट्रोलर, बॅटरी लावून उपयोग होईल का, आणि जुनी एसी मोटर यावर चालेल का.

बहुतेक काहीच खराब नाहीये. तुमच्या पंपाचं हेड (म्हणजे तो पाणी किती उंच ढकलू शकतो ते) आणि तुम्हाला लागणारं हेड हे गणित काठावर बसलंय, एवढंच. एचपी सारखा म्हणजे पंप सारखा असं अजिबात नसतं, आणि लाईटवरच्या पंपात ही गोष्ट झाकून जाते कारण तिथे मोटर कायम एकाच वेगाने फिरते. सोलरवर वेग दिवसभर बदलतो आणि तिथेच सगळी मेख आहे. जरा मुळापासून सांगतो.

पॅनलच्या एका सिलिकॉन सेलला साधारण ०.६ व्होल्ट मिळतात. ७२ सेलच्या पॅनलला काही जोडलेलं नसताना ४५ च्या आसपास आणि काम करताना ३७ च्या आसपास व्होल्ट. हे व्होल्टेज ऊन कमीजास्त झाल्याने फारसं हलत नाही, सकाळच्या कोवळ्या उन्हातही मीटर लावला तर जवळजवळ पूर्ण व्होल्ट दिसतात, म्हणून नुसते व्होल्ट बघून "पॅनल ओके आहेत" म्हणण्यात काही अर्थ नाही. उन्हाच्या प्रमाणात बदलतो तो करंट. चौरस मीटरला १००० वॅट ऊन असताना पॅनलचा जो करंट लिहिलेला असतो तो ३०० वॅट ऊन असताना साधारण ३० टक्केच उरतो. डोळ्याला ते ऊन चांगलंच वाटतं पण. आपले डोळे उजेडाशी इतके जुळवून घेतात की ३०० आणि ७०० मधला फरक बघून कळत नाही, त्यामुळे "ऊन तर कडक होतं" हा पुरावा धरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे पॅनल मागेल तेवढा करंट देत नाही. लाईटवरची मोटर थेट चालू केली की पहिल्या क्षणाला पाच ते सात पट करंट ओढते आणि लाईन तो देते. पॅनलच्या दोन वायरी एकमेकींना चिकटवल्या तरी तो रेटेड करंटपेक्षा पाचदहा टक्केच जास्त देणार. त्याहून जास्त मागितलं की व्होल्टेज कोसळतं आणि मोटर जागेवर गुरगुरत बसते. म्हणून मध्ये कंट्रोलर लागतोच.

कंट्रोलर दोन कामं करतो. एक म्हणजे एमपीपीटी, पॅनलमधून दर क्षणाला जास्तीत जास्त पॉवर ज्या व्होल्टेजला मिळते तो बिंदू शोधत राहणं. दुसरं म्हणजे डीसीचं तीन फेज करून त्याची फ्रिक्वेन्सी कमीजास्त करणं, म्हणजेच व्हीएफडीचं काम. जितके हर्ट्झ तितका मोटरचा वेग, ५० हर्ट्झ म्हणजे पूर्ण वेग. ऊन वाढलं की हर्ट्झ वाढवतो, ढग आला की हर्ट्झ खाली आणतो पण मोटर जमेल तितकी फिरती ठेवतो. आणि हो, ज्याला आपण डीसी पंप म्हणतो त्यातही बहुतेक वेळा ब्रशलेस मोटर असते आणि तिलाही कंट्रोलर तीन वायरींतून बदलता पुरवठाच देतो. फरक इतकाच की तिच्या रोटरमध्ये कायमचे चुंबक असतात त्यामुळे रोटरमध्ये वाया जाणारी वीज वाचते आणि तेवढ्याच पॅनलवर थोडं जास्त पाणी मिळतं. बदल्यात ती स्वतःच्या कंट्रोलरशिवाय चालत नाही, कंट्रोलर बिघडला की लाईटवर किंवा जनरेटरवर थेट लावून वेळ मारून नेता येत नाही.

आता मुख्य मुद्दा. सेंट्रिफ्यूगल पंपाचे (सबमर्सिबलमध्ये एकावर एक स्टेज, म्हणजे फिरत्या चाकांचे, इम्पेलरचे टप्पे रचलेले असतात तो हाच) तीन नियम आहेत: पाणी वेगाच्या प्रमाणात, हेड वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, पॉवर वेगाच्या घनाच्या प्रमाणात. म्हणजे वेग ८० टक्क्यांवर आला तर पाणी ढकलायची उंची ६४ टक्के आणि पॉवर ५१ टक्के. सोलर पंपाचं वागणं कळायला यातला हेडचा वर्ग फार महत्त्वाचा.

उदाहरण घेऊ. समजा चालू असताना पाण्याची पातळी जमिनीखाली ४० मीटर आणि टाकीचं तोंड जमिनीपासून ५ मीटर वर, म्हणजे पाणी ४५ मीटर उचलायचंच आहे, त्यात सूट नाही. तुमच्या पंपाचं शट-ऑफ हेड, म्हणजे ५० हर्ट्झला व्हॉल्व्ह बंद करून मिळणारी जास्तीत जास्त उंची, समजा ७० मीटर. मग पाण्याचा पहिला थेंब पडायला वेग किती लागेल? ४५ भागिले ७० चं वर्गमूळ, म्हणजे ०.८, म्हणजे ४० हर्ट्झ. ३९ हर्ट्झला मोटर नीट फिरतेय, कंट्रोलर चालू दाखवतोय, पॉवर खर्च होतेय, पण पाइपातलं पाणी टाकीच्या थोडं खाली येऊन टांगून राहिलंय. शून्य पाण्यावर पंप थोडी कमी पॉवर खातो हे धरलं तरी पूर्ण पॉवरच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत नुसतं त्या उंबरठ्यावर पोहोचण्यात जाते. तुमचे सकाळचे दोन-अडीच तास तिथे जातात, ढग आल्यावर पाणी तुटतं तेही यामुळेच, हर्ट्झ ४७ वरून ३८ वर आले की संपलं.

शेजारच्यांचा पंप बघा. त्यांना पाणी एकूण २० मीटरच उचलायचं असेल तर त्याच ७० मीटरच्या पंपाला उंबरठा ०.५३ पट वेगाला, २७ हर्ट्झच्या आसपास लागतो आणि ०.५३ चा घन जेमतेम ०.१५. म्हणजे कोवळ्या उन्हातही त्यांना पाणी. किंवा पातळी तुमच्याएवढीच असेल पण त्यांचा पंप जास्त स्टेजचा असेल, शट-ऑफ ९५ मीटरचा, तर उंबरठा ०.६९ वर, ३४-३५ हर्ट्झला. असा पंप भर दुपारी तुमच्यापेक्षा कमी लिटर देईल पण सकाळी लवकर सुरू होईल, संध्याकाळी उशिरा थांबेल आणि ढगात तग धरेल. म्हणून सोलरसाठी पंप निवडताना मी दुपारचं डिस्चार्ज बघतच नाही, दिवसभराचं पाणी बघतो. कॅटलॉगमध्ये सगळ्यात जास्त लिटर-पर-मिनिट दाखवणारा पंप घेण्याचा मोह होतो, आणि तो आकडा असतो सगळ्यात कमी हेडचा.

पण मग हेड भरमसाठ मोठंच घ्यावं असंही नाही. ९५ मीटरचा पंप १५-२० मीटरवर लावला तर दुपारी तो कर्व्हच्या (कुठल्या हेडला किती पाणी, या आलेखाच्या) पार उजव्या टोकाला जाऊन गरजेपेक्षा जास्त पाणी ढकलायला बघतो, मोटर ओव्हरलोड होऊ शकते, इम्पेलर वर उचलले जाऊन घासतात, एफिशियन्सी पडते. पंपाच्या कर्व्हच्या मधल्या भागात तुमचं दुपारचं काम बसलं पाहिजे आणि शट-ऑफला भरपूर जागा उरली पाहिजे, दोन्ही एकदम सांभाळायचं असतं.

खोल बोअर आणि कमी पाणी असेल तर हेलिकल रोटर नावाचा वेगळाच प्रकार आहे, रबराच्या खोबणीत पिळदार स्टीलचा दांडा फिरतो आणि पाणी कप्प्याकप्प्याने वर सरकवतो. त्याला हा वर्गाचा नियम लागू नाही, हळू फिरला तरी पूर्ण उंचीवर पाणी पोहोचवतो, फक्त कमी. खोल, थोड्या पाण्याला मला तो फार आवडतो. पाणी जास्त हवं असेल तर मात्र त्याच्या नादी लागू नका, आणि वाळू येत असेल तर रबर लवकर खराब होतं.

पॅनल किती लागतील याचा हिशोब. एक घनमीटर पाणी (१००० लिटर) ३६७ मीटर उचलायला एक युनिट वीज लागते, हे शुद्ध भौतिकशास्त्र, कंपनी कुठलीही असो. रोज ६० घनमीटर, एकूण हेड ५० मीटर, तर ६० गुणिले ५० भागिले ३६७ म्हणजे ८.२ युनिट पाण्यात जायला हवेत. कंट्रोलर, केबल, मोटर, पंप मिळून ४५ टक्के एफिशियन्सी धरली तर पॅनलकडून १८ युनिट. दिवसाला पूर्ण उन्हाचे साडेपाच तास मिळतात असं धरा, त्यात उष्णता, धूळ वगैरेचे २० टक्के गेले तर एक किलोवॅट पॅनल ४.४ युनिट देतं, म्हणजे ४.१ किलोवॅट लागले. मी यात ५ लावायला सांगेन. जास्तीचे पॅनल दुपारी वाया जातात असं लोक म्हणतात आणि ते खरंच आहे, दुपारी मोटर घेईल तेवढंच घेते, पण ते पॅनल दुपारसाठी लावायचेच नसतात, उंबरठा सकाळी तासभर आधी ओलांडण्यासाठी लावायचे असतात. फक्त सिरीजमध्ये वाढवताना एकूण ओपन सर्किट व्होल्टेज (काही जोडलेलं नसतानाचं) कंट्रोलरच्या मर्यादेत राहिलं पाहिजे, आणि ते थंडीतल्या सकाळचं मोजायचं कारण थंड पॅनलचं व्होल्टेज लेबलपेक्षा वर जातं.

उष्णतेचं उलट. लेबलवरची वॅटेज सेलचं तापमान २५ अंश असतानाची असते, कडक उन्हात सेल ६०-६५ ला सहज जातो आणि प्रत्येक अंशाला साधारण ०.३ ते ०.४ टक्के पॉवर कमी होते, म्हणजे १२-१४ टक्के तिथेच गेले. थंड कोरड्या दिवशी पाणी जास्त येतं ते यामुळे. पॅनलच्या खालून हवा खेळली पाहिजे, पत्र्याला चिकटवून बसवू नका.

सावलीबद्दल मात्र लोक फार निष्काळजी असतात. पॅनल सिरीजमध्ये असतात, सगळ्यांतून एकच करंट वाहतो, त्यामुळे एका पॅनलच्या एका कोपऱ्यावर खांबाची नाहीतर फांदीची सावली पडली की तो भाग सगळ्या ओळीला अडवायला बघतो. बायपास डायोड असतात, एका पॅनलमध्ये साधारण तीन, ते अडलेला भाग वळसा घालून सोडून देतात पण त्याचबरोबर तेवढं व्होल्टेजही जातं. सकाळी आठ ते दहामध्ये सावली कुठे पडते ते एकदा स्वतः उभं राहून बघा, हिवाळ्यात परत बघा कारण सूर्य खाली असतो आणि सावल्या लांबतात. तुमच्या सकाळच्या तक्रारीत याचा वाटा असू शकतो.

दिशा म्हणाल तर उत्तर गोलार्धात तोंड दक्षिणेला, दक्षिण गोलार्धात उत्तरेला, तिरपेपणा साधारण त्या जागेच्या अक्षांशाएवढा. सूर्यामागे फिरणारा ट्रॅकर वीज २०-२५ टक्के वाढवतो पण पाणी त्याहून जास्त वाढू शकतं, कारण तो नेमकी सकाळ-संध्याकाळची पॉवर उंबरठ्याच्या वर नेतो. ही कल्पना जुनीच आहे, १९१३ साली इजिप्तमध्ये मादी इथे फ्रँक शुमनने नाईलचं पाणी उपसायला जो सौर पंप उभारला (तो वाफेवर चालायचा, सिलिकॉनचे सेल १९५४ मध्ये आले) त्यातल्या आरशांच्या लांब पन्हाळीही सूर्यामागे फिरायच्या. ट्रॅकरची देखभाल नको असेल तर एक ओळ पूर्वेला आणि एक पश्चिमेला झुकवून दोन वेगळ्या स्ट्रिंग (सिरीजमध्ये जोडलेल्या पॅनलच्या ओळी) समांतर जोडता येतात, दिवस पसरट होतो. एकाच सिरीजमध्ये दोन दिशा मात्र कधीच मिसळू नका.

पाइपाकडेही बघा. तासाला २० घनमीटर पाणी ६३ एमएमच्या पाइपातून नेलं तर दर १०० मीटरला साधारण ७-८ मीटर हेड घर्षणात जातं, ७५ एमएममधून तेच ३ मीटरच्या आसपास. टाकी ३०० मीटर लांब असेल तर हा फरक १४-१५ मीटरचा झाला, म्हणजे तुम्ही पैसे पॅनलवर घालून पाइपात घासताय. घर्षण पाण्याच्या प्रमाणाबरोबर साधारण वर्गाने वाढतं, त्यामुळे सकाळच्या उंबरठ्याला ते फारसं नडत नाही पण दुपारचं पाणी खातं. ठिबक थेट पंपावर चालवत असाल तर प्रत्येक एक बार प्रेशर म्हणजे आणखी १० मीटर हेड, आणि ढग आला की प्रेशर पडून शेवटच्या ओळींना पाणीच पोहोचत नाही. उंचावर टाकी आणि तिथून ठिबक हे जास्त बरं.

तुमच्या पंपाचं नेमकं काय चाललंय हे कंट्रोलरच्या स्क्रीनवर दिसतं, फक्त तिथे डीसी व्होल्ट, करंट आणि हर्ट्झ एकत्र वाचावे लागतात. सकाळी व्होल्ट ठीक, हर्ट्झ ३०-३८ मध्ये हळूहळू चढतायत आणि पाणी नाही, मग ४० ला पोहोचताच पाणी सुरू, तर वर सांगितलेला उंबरठा, बिघाड नाही. भर दुपारी स्वच्छ उन्हातही हर्ट्झ ४०-४२ ला अडकले आणि डीसी करंट अपेक्षेच्या बरोबर निम्मा असेल तर दोन स्ट्रिंगपैकी एक तुटलीय, बहुतेक एखादा कनेक्टर ढिला किंवा जळालेला. हर्ट्झ ५० पण पाणी कमी असेल तर आधी दिशा तपासा, सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरला तरी थोडं पाणी देतो आणि वर्षभर तसाच चालवणारे लोक आहेत. मोटरच्या तीनपैकी कुठल्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की दिशा बदलते. दिशा बरोबर असेल तर झिजलेले इम्पेलर, फुटलेला पाइप किंवा खाली गेलेली पातळी. हर्ट्झ पूर्ण आणि मोटरचा करंट एकदम कमी, तर पंप कोरडा चालतोय, लगेच बंद करा, सबमर्सिबलची बेअरिंग पाण्यावरच वंगण होतात. त्याच कारणाने बऱ्याच सबमर्सिबल मोटरींना ३० हर्ट्झच्या खाली जास्त वेळ फिरवू नये, थ्रस्ट बेअरिंगला (खालचा दाब पेलणाऱ्या) पाण्याचा थर टिकत नाही. कंट्रोलरमध्ये किमान फ्रिक्वेन्सीची सेटिंग असते ती तपासून घ्या.

हे करताना एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऊन आहे तोवर पॅनलची वायर जिवंत आहे, मेन स्विच बंद केला तरी पॅनलकडच्या बाजूला काहीशे व्होल्ट डीसी असतंच. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही, त्यामुळे चालू लोडवर कनेक्टर ओढू नका, आधी कंट्रोलर थांबवा, मग डीसी आयसोलेटर (पॅनलकडची लाईन तोडणारा स्विच), मगच हात. अर्थिंग नसेल तर आजच करून घ्या.

बॅटरी नको. पाणी टाकीत साठवा, टाकी वर्षानुवर्षं टिकते आणि त्यातून काही गळत नसेल तर साठवलेलं सगळं परत मिळतं. बॅटरीत भरताना-काढताना काही वीज जाते, काही वर्षांनी बदलावी लागते, आणि तुमचा मूळ प्रश्न हेडचा आहे तो तिथेच राहतो. तो पैसा दोन-चार पॅनलमध्ये किंवा जाड पाइपात घातलेला कितीतरी चांगला.

जुनी मोटर चालेल, ती तीन फेजची असेल तर. ४१५ व्होल्टच्या मोटरला पूर्ण ५० हर्ट्झ द्यायला डीसी बाजूला ४१५ गुणिले १.४१, म्हणजे ५८५-६०० व्होल्ट हवेत. ३७ व्होल्टचे १६ पॅनल सिरीजमध्ये लागले, आणि उन्हाळ्यात गरम पॅनलचं व्होल्टेज उतरतं म्हणून एक-दोन जास्त, मर्यादा सांभाळून. बारा पॅनलवर जोडून दिलेल्या मोटरी मी बघितल्यात, त्या कधी पूर्ण वेग धरतच नाहीत. सिंगल फेज कपॅसिटरवाली मोटर असेल तर सोडून द्या, वेग बदलणं तिला मानवत नाही.

राहिली पाण्याची पातळी. वरचं सगळं गणित चालू असतानाच्या पातळीवर करायचं, सकाळच्या शांत पातळीवर नाही. पंप चालला की बोअरमधली पातळी उतरते, कधी पाचदहा मीटर, कधी त्याहून बरीच, आणि झऱ्यांचं तासाचं येणं पंपापेक्षा कमी असेल तर दुपारी ती पंपापर्यंत येते. उन्हाचं बिल येत नाही म्हणून पंप दिवसभर सोडून दिलेला असतो, टाकी भरून वाहतेय तरी चालू, आणि आजूबाजूचे सगळेच तसं करत असतील तर दोन-तीन वर्षांत सगळ्यांचाच उंबरठा आणखी वर सरकतो. टाकीत फ्लोट आणि बोअरमध्ये लेव्हल सेन्सर दोन्ही लावा, कंट्रोलरला त्यांची जागा असते, बऱ्याच ठिकाणी ते टर्मिनल रिकामेच दिसतात.

दुपारी पंप दोन तास चालल्यावरची पातळी दोरीला वजन बांधून मोजा, टाकीची उंची, पाइपाची लांबी आणि साइज, पंपावरच्या प्लेटवरचा मॉडेल आणि स्टेजचा आकडा, आणि पाणी सुरू होतं त्या क्षणाचे हर्ट्झ लिहून पाठवा. एवढ्यावर सांगता येईल की स्टेज वाढवायच्या, पॅनल वाढवायचे की नुसता पाइप बदलून भागेल.